साक्षीचा रविवार

दुकानाचं शटर अर्धंच वर ठेवायची सवय सोफावाल्याला हल्लीच लागली होती. अर्धं शटर म्हणजे दुकान उघडंही आणि बंदही. ओळखीचं गिऱ्हाईक वाकून आत यायचं, आणि नको असलेला माणूस आला तर आधी त्याचे बूट दिसायचे. बूट पाहून मागच्या दाराने सटकायचं की हातोडी घेऊन कामात डोकं खुपसायचं, हे ठरवायला तेवढा वेळ पुरायचा.

त्या गुरुवारी शटरखाली तपकिरी, टोकदार, चकचकीत बूट दिसले. हे कर्जाच्या कंपनीच्या वसुलीवाल्याचे बूट. सोफावाला मागच्या दाराकडे वळला, पण तिथवर जायला वाटच नव्हती. मागची अख्खी खोली खुर्च्यांनी भरली होती. लाल कापडाच्या, जाड फोमच्या, मिटणाऱ्या बैठकीच्या खुर्च्या, एकीवर एक थेट छतापर्यंत रचलेल्या. त्याला या दशेला आणलं तेही त्यांनीच, आणि आता त्याच रस्ता अडवून उभ्या होत्या.

इतकी वर्षं त्याचं बरं चाललं होतं. सोफे, गाड्यांच्या सीटा, दवाखान्यातली बाकं, जे येईल ते तो करायचा आणि नीट करायचा. मग एका हॉलवाल्याने अख्ख्या सभागृहाच्या खुर्च्यांचं काम दिलं. एवढं मोठं काम त्याच्याकडे कधीच आलं नव्हतं. हॉलवाल्याने थोडी रक्कम आगाऊ दिली, बाकीची खुर्च्या बसवल्यावर द्यायची ठरली. फोम, कापड आणि लोखंडी सांगाडे घ्यायला सोफावाल्याने कंपनीकडून कर्ज काढलं. जन्मभर दुसऱ्यांची अंथरुणं शिवली आणि स्वतःचे पाय कुठवर गेलेत ते बघायचं राहिलं, असं त्याची आई नंतर म्हणाली. कारण खुर्च्या तयार झाल्या आणि हॉलवाल्याने काखा वर केल्या. हॉलचं काम बंद पडलं होतं, भागीदार पैसे घेऊन पसार झाला होता. खुर्च्या ज्याला हव्यात त्याला विका, असं तो म्हणाला. पण सभागृहाच्या खुर्च्या जमिनीला ठोकायच्या असतात, घरात कोण नेणार.

कंपनीचे हप्ते मात्र थांबले नाहीत. घरातली शिल्लक संपली तेव्हा तो सिस्टरकडे गेला. सिस्टर म्हणजे त्यांच्याच चर्चमधल्या निवृत्त नर्सबाई. मंडळीतल्या अर्ध्या लोकांना त्यांनी कधी ना कधी सुई टोचली होती, त्यामुळे म्हातारेकोतारेसुद्धा त्यांना सिस्टरच म्हणत. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यांनी त्याला दिले. ऑपरेशन वर्षभराने करायचं आहे, तोवर वापर, एवढंच म्हणाल्या. कागद नाही, सही नाही. त्या पैशांनी काही हप्ते गेले. म्हणजे एक भोक बुजवायला त्याने दुसरं पाडलं होतं. वर्ष उलटलं. सिस्टर आता काठी घेऊन चालत होत्या.

बायको एका चष्म्याच्या दुकानात काउंटरवर होती. तिला कंपनीच्या कर्जाचं ठाऊक होतं. सिस्टरच्या पैशांबद्दल त्याने तिला काहीच सांगितलं नव्हतं.

वसुलीवाला वाकून आत आला, हात झटकले, आणि रास सोडून बाजूला पडलेल्या एका लाल खुर्चीवर टेकला. तो कधी आवाज चढवत नसे. शिव्या देणाऱ्या माणसाला निदान उलट शिवी देता येते, याचं तेही नव्हतं. त्याने आईची तब्येत विचारली. गेल्या आठवड्यात चष्म्याच्या दुकानात फोन करावा लागला त्याबद्दल वाईट वाटतं म्हणाला, वहिनींच्या दुकानाचे मालक जरा तापटच दिसतात. मग त्याने खुर्चीच्या हातावरून हात फिरवला.

"दादा, तुम्ही रविवारी चर्चमध्ये गाणी सांगता म्हणे. सगळे तुमच्या मागून म्हणतात."

सोफावाल्याने हातोडी उचलली.

"या रविवारी मीही येतो. इथे तुम्ही मला दर वेळी पुढचा आठवडा सांगता. तिथे तरी वेगळं काही सांगाल."

एवढं बोलून तो आला तसा वाकून निघून गेला. सोफावाल्याने शटर पूर्ण खाली ओढलं आणि अंधारात तसाच बसून राहिला.

तो प्रार्थना करत नव्हता असं नाही. उलट इतकी प्रार्थना त्याने आयुष्यात केली नव्हती. पण तिचा नुसता बाजार झाला होता. प्रभू, एक मोठं काम दे. प्रभू, हॉलवाल्याला बुद्धी दे. प्रभू, सिस्टरच्या डॉक्टरला सुट्टीवर पाठव. शेवटचं मागताना त्याला स्वतःचीच लाज वाटली होती, पण मागितलं होतं. आणि प्रभूने शिकवलेली जी प्रार्थना दर रविवारी सगळे मिळून म्हणतात, तिच्यात ऋणाची ओळ आली की त्याचा घसा बंद व्हायचा. आमचं ऋण सोड, जसं आम्ही दुसऱ्यांचं सोडतो, अशा अर्थाची ती ओळ. लहानपणापासून पाठ असलेली. इतकी वर्षं त्याला ती पापाबद्दलची वाटायची, आता ती सरळ दुकानात येऊन खुर्चीवर बसायची. त्या ओळीला तो नुसते ओठ हलवायचा आणि पुढच्या ओळीला आवाज काढायचा.

हे फक्त त्याच्या आईने ओळखलं होतं. तिला एका कानाने कमी ऐकू यायचं, म्हणून ती लोकांच्या ओठांकडे बघायची. शुक्रवारी सकाळी चहा पिताना तिने सरळ विषय काढला.

"मला ऐकू येत नाही म्हणून मला फसव हवं तर. प्रभूला नीट ऐकू येतं."

त्याने उडवाउडवीचं उत्तर दिलं. घसा बसलाय म्हणाला. आई म्हणाली, घसा एकाच ओळीला बसतो हे तिने पहिल्यांदाच ऐकलं. मग तिने कप उचलला आणि आत गेली. बायको तेव्हा दारात चप्पल घालत होती. तिने दोघांकडे पाहिलं, काही विचारलं नाही. काय झालंय असं ती पूर्वी विचारायची. हल्ली उत्तर ठरलेलं असायचं, म्हणून तिने विचारणं सोडलं होतं.

शनिवारी दुपारी सोफावाला हॉलवाल्याच्या घरी गेला. रविवारच्या आत त्याच्याकडून थोडे तरी पैसे ओढायचे आणि वसुलीवाल्याच्या हातावर ठेवायचे, म्हणजे तो चर्चमध्ये येणार नाही, असा त्याचा हिशेब होता. वाटेत त्याने काय काय बोलायचं ते घोकून ठेवलं. माणसाला लाज वाटेल असे शब्द निवडले. जिना चढताना त्याचा राग वाढत गेला, आणि त्याचा त्याला आनंदच होत होता. भीतीपेक्षा राग बरा.

बेल वाजवली. आत टीव्ही चालू होता, तो बंद झाला. पुन्हा बेल वाजवली. एका लहान मुलीचा आवाज आला, कोणीतरी तिला गप्प केलं. मग ती मुलगी दाराजवळ येऊन, शिकवलेलं पाठ म्हणावं तसं म्हणाली की बाबा बाहेरगावी गेलेत.

दाराच्या फटीतून उजेड येत होता आणि त्या उजेडात दोन मोठ्या पायांची सावली पडली होती. मुलीच्या मागेच तो उभा होता. श्वास रोखून.

सोफावाल्याने मुठी आवळल्या. दारावर लाथ मारायचं त्याच्या मनात आलं. शेजारच्या दारातून एक बाई डोकावली, तिच्यासमोर सगळं बोलून टाकावं असंही वाटलं. पण ती सावली जराही हलत नव्हती, आणि त्याला ती ओळखीची वाटली. मागच्या महिन्यात सिस्टर दुकानावरून चालल्या होत्या. काठी टेकत, हळूहळू. त्याला वाटलं त्या आत येणार. त्याने शटर खाली घेतलं होतं आणि असाच, श्वास रोखून, आतून उभा राहिला होता. सिस्टर शटरबाहेर थांबल्या होत्या. काठीचा आवाज बराच वेळ आला नव्हता. मग आला, आणि दूर गेला.

तो दाराशी उभा राहून काहीतरी बोलायला गेला आणि घोकलेलं एकही वाक्य त्याला आठवेना. शेवटी तो मुलीला म्हणाला की बाबांना सांग, सोफेवाले काका येऊन गेले. भांडायला नव्हते आले म्हणावं. हे खोटं होतं, तो भांडायलाच आला होता. पण म्हणून झाल्यावर भांडण राहिलं नाही, हेही खरं. सावली तशीच होती. तो जिना उतरला.

घरी जाताना त्याने सिस्टरच्या गल्लीतून वाट काढली. त्यांच्या खिडकीत दिवा होता. तो खाली थोडा वेळ थांबला आणि वर न जाताच घरी गेला. बायकोला तरी सांगावं असं त्याने जेवताना ठरवलं. पण ती दमून आली होती, दुकानाच्या मालकाने तिला कालही टोमणा मारला होता, आणि आईही समोर बसलेली. उद्या सांगू, असं त्याने मनाशी म्हटलं. वसुलीवाल्यालाही तो हेच सांगत आला होता.

रविवारी चर्च भरलेलं होतं. सोफावाला पुढे, गाणाऱ्यांच्या जागी उभा होता. पहिलं गीत चालू असतानाच मागचं दार उघडलं आणि तपकिरी बूट आत आले. वसुलीवाला इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. कुठे बसायचं ते त्याला कळेना. सोफावाल्याच्या आईने त्याला हात करून बोलावलं, स्वतः सरकून जागा केली आणि त्याच्या हातात गीतांचं पुस्तक उघडून दिलं. नवा माणूस आला की ती नेहमीच असं करायची. मग कमी ऐकू येणाऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात तिने त्याला विचारलं की तो कोणाकडे आलाय. वसुलीवाल्याने समोर बोट दाखवलं. आईने खूश होऊन मान हलवली.

त्यांच्या पलीकडे बायको बसली होती. तिने वसुलीवाल्याला एकदाच पाहिलं होतं, कंपनीत कर्जाच्या सह्या करताना. तिने त्याला ओळखलं हे सोफावाल्याला लांबूनही दिसलं. तिचा चेहरा पांढरा पडला. दुसऱ्या बाजूला, खिडकीशी, सिस्टर होत्या. काठी बाकाला टेकवलेली.

दुसरं गीत सोफावाल्याने कसंबसं म्हटलं. पाळकांनी, म्हणजे चर्चच्या पाद्रीबाबांनी, शास्त्रवाचन केलं, संदेश दिला, त्यातला एक शब्दही त्याच्या कानात शिरला नाही. हा माणूस केव्हा उठेल, कुठल्या क्षणी बोलेल, एवढंच तो बघत होता. वसुलीवाला शांत बसला होता. एकदा त्याने घड्याळ पाहिलं. एकदा आईने पुस्तकाचं पान उलटून दिलं, तेव्हा मान लववली.

संदेशानंतर पाळकांनी नेहमीप्रमाणे विचारलं की कोणाला साक्ष द्यायची आहे का. कोणाचं आजारपण बरं झालेलं असतं, कोणाला नोकरी लागलेली असते, ते लोक उभे राहून सांगतात. एक बाई नातवाच्या परीक्षेबद्दल बोलली. ती बसली. पाळक आणखी कोणी आहे का म्हणून सगळीकडे पाहू लागले. वसुलीवाला बाकावर जरा पुढे सरकला.

त्याला काही बोलायचं होतं की नुसता पाय अवघडला होता, हे सोफावाल्याला पुढेही कधी कळलं नाही. सोफावाला स्वतःच दोन पावलं पुढे आला. पाळकांना वाटलं तो गीत सुरू करणार.

"माझ्याकडे सांगायला चांगलं काही नाही," तो म्हणाला. "तरी सांगतो."

त्याने सांगितलं की तो कर्जात गळ्यापर्यंत बुडालाय. कंपनीचं कर्ज आहे, त्यांचा माणूस आज इथे आलाय, तो त्याचं काम करतोय, त्याला कोणी वाईट बोलू नये. चुकवाचुकवी मी करतोय, तो नाही. मग तो थांबला. खिडकीकडे बघायला त्याला धीर होईना, म्हणून तो जमिनीकडे बघत बोलला.

"सिस्टरचे पैसे माझ्याकडे आहेत. त्यांच्या गुडघ्याचे पैसे. वर्ष होऊन गेलं. त्या दुकानाशी आल्या तेव्हा मी शटर ओढून आत लपलो. हे मी माझ्या घरीसुद्धा सांगितलेलं नाही."

एवढंच तो बोलला. माफ करा असंही म्हणायचं होतं, ते राहून गेलं.

सांगून टाकलं की मन हलकं होतं म्हणतात, त्याला तसं काही वाटलं नाही. मग त्याची नजर बायकोकडे गेली. ती सरळ समोर बघत होती. सासूबाईंची पर्स तिच्या मांडीवर होती, ती तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. पाळक खाली उतरून त्याच्या शेजारी उभे राहिले. त्यांनी सगळ्यांना प्रार्थनेला उभं केलं. ऋणाची ओळ आली तेव्हा सोफावाला ती म्हणाला. आवाज फाटका होता, पण त्याचा होता. दर वेळी तो देवाकडे कर्ज फेडायला पैसे मागत आला होता. या वेळी त्याने पैसे मागितले नाहीत. आता पळायला लावू नकोस, एवढं मागितलं.

उपासना संपल्यावर सिस्टर चहाला थांबल्या नाहीत. काठी टेकत, कोणाशी न बोलता निघून गेल्या. त्यांच्यामागे जावं असं त्याला वाटलं, पण लोक मध्ये आले. काहींनी हात धरला. काहींनी दुसरीकडे बघितलं. मंडळीचे खजिनदार पाळकांना बाजूला घेऊन बोलत होते, आणि ते काय बोलत असतील ते त्यांच्या हातवाऱ्यांवरून कळत होतं. झालंही तसंच. पाळकांनी त्याला नंतर सांगितलं की काही दिवस पुढे उभं राहू नका, मागे बसा, जरा विसावा घ्या. ते प्रेमानेच म्हणाले. तरी त्याला ते लागलं.

वसुलीवाला अंगणात एका झाडाखाली उभा होता. निघावं तर सोफावाल्याच्या आईने त्याच्या एका हातात चहाचा कप आणि दुसऱ्यात बिस्किटं दिली होती, त्यामुळे त्याला हलताही येत नव्हतं. तो कोण आहे हे एव्हाना तिला कळलं होतं, पण दिलेला चहा परत कसा घेणार. सोफावाला त्याच्याकडे चालत गेला. या माणसाकडे तो आपण होऊन कधी चालत गेला नव्हता.

वसुलीवाल्याने आधी बिस्किट संपवलं. मग म्हणाला, "दादा, तुम्ही माझं कामच करून टाकलंत. आता मी कोणाला काय सांगू?" तो हसला नाही. जरा वेळाने त्याने खालच्या आवाजात सांगितलं की सोमवारी कंपनीत या, वरच्या साहेबांना भेटवतो. हप्ते लहान करून मुदत वाढवून मिळते, पण समोर येऊन मागावी लागते. जो फोन उचलत नाही त्याला ती कोण देणार. हे आधी का सांगितलं नाही, असं सोफावाल्याच्या ओठांवर आलं. मग त्याला आठवलं की मागच्या कित्येक महिन्यांत त्याने या माणसाला एक वाक्य पुरं बोलू दिलं नव्हतं.

घरी बायकोने जेवायला वाढलं, ताटं उचलली, भांडी घासली, आणि रात्रीपर्यंत एक शब्द बोलली नाही. सोमवारी सकाळी ती कामावर गेली नाही. दुकानात फोन करून तिने रजा टाकली आणि त्याच्यासमोर येऊन बसली.

"मला सगळ्यांबरोबर कळलं," ती म्हणाली. "त्या वसुलीवाल्याला आणि मला एकाच वेळी कळलं."

तो म्हणाला की तिला काळजी नको म्हणून. ती म्हणाली की काळजी तर तिला रोज होतीच, फक्त कशाची ते माहीत नव्हतं, म्हणून सगळ्याचीच होती. त्याचा फोन वाजला की, तो उशिरा आला की, आईंशी तुटक बोलला की. दुसरी कोणी बाई आहे की काय इथवर तिच्या मनात येऊन गेलं होतं. हे ऐकून तो एवढा चकित झाला की त्याला हसू फुटलं, आणि त्या हसण्याने ती आणखी चिडली. मग ती रडली. तो तिच्या शेजारी बसून राहिला. तिने त्याचा हात झटकला नाही आणि धरलाही नाही.

दुपारी ते दोघं आणि पाळक कंपनीत गेले. साहेबांनी बराच वेळ ताटकळत ठेवलं, मग आत घेतलं, आणि बरंच ऐकवलं. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, की नवा हप्ता तिच्या पगारातून आणि याच्या मजुरीतून निघेल एवढा होतो का. बरीच आकडेमोड झाली. शेवटी होकार आला. मुदत इतकी लांबली की बाहेर आल्यावर पाळक म्हणाले, तोवर माझी बदली दोनदा होईल.

तिथून ते दोघं सिस्टरकडे गेले. सिस्टरच्या घराखाली आल्यावर बायको थांबली. तुमचं तुम्ही निस्तरा, मी वर येत नाही, म्हणाली. तो एकटाच जिना चढला.

दार उघडंच होतं. सिस्टर खाटेवर पाय लांब करून बसल्या होत्या, गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी. त्यांनी त्याला बस म्हटलं नाही. तो उभाच राहिला. रविवारी राहून गेलेलं ते म्हणाला, की माफ करा.

सिस्टरने पिशवी बाजूला ठेवली. "मला फार राग आला होता तुझा," त्या म्हणाल्या. "पैशांचा नंतर. आधी त्या शटरचा. शटरखालून तुझे पाय दिसत होते मला. पुरतं बसलं नव्हतं ते."

त्याला जमीन दुभंगावी असं झालं.

त्या दिवशी घरी येऊन त्यांनी प्रार्थना केली होती, की देवा, याचेही गुडघे दुखू देत. हे त्यांनी अगदी गंभीरपणे सांगितलं. नंतर कित्येक दिवस त्यांना दुसरी प्रार्थनाच सुचली नाही. नर्स असताना इतक्या लोकांच्या वेदना कमी केल्या आणि म्हातारपणी एकासाठी त्याच मागायला बसले, अशी त्यांनाच खंत वाटायला लागली. त्या म्हणाल्या, रविवारी चहाला थांबले नाही ते यासाठी, की तू सगळ्यांसमोर सांगून बसलास आणि मला माझं सांगायचं धाडस नव्हतं.

मग त्यांनी पैशांचं सांगितलं. पैसे सोडलेले नाहीत. ते त्यांना हवेत, गुडघा काही शब्दांनी बरा होणार नाही. दर महिन्याला जमेल तेवढे आणून द्यायचे, थोडे असले तरी चालतील.

"आणि नसतील त्या महिन्यात रिकाम्या हाताने यायचं. इथे बसायचं, चहा घ्यायचा, नाहीत म्हणून सांगायचं. न येणं चालणार नाही."

तो हो म्हणाला. सिस्टरने विचारलं, बायको कुठे आहे. खाली आहे, यायला तयार नाही, असं त्याने सांगितल्यावर त्या काठी घेऊन उठल्या, खिडकीशी गेल्या आणि वॉर्डातल्या आवाजात खाली ओरडून म्हणाल्या, की पाच मिनिटांत वर आली नाहीस तर मी खाली येईन, आणि या गुडघ्यांनी मी खाली आले तर पाप तुझ्या माथी.

बायको वर आली. सिस्टरकडे बघून तिला पुन्हा रडू आलं, मला खरंच माहीत नव्हतं म्हणाली. सिस्टर म्हणाल्या की ते रविवारी तिच्या चेहऱ्यावर दिसलं होतं, म्हणूनच त्यांना त्याचा दुसऱ्यांदा राग आला. चहा बायकोनेच केला. तिघं तो एकत्र प्यायले.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. लाल खुर्च्या एका शिकवणीच्या क्लासवाल्याने घेतल्या, फोमचेही पैसे निघाले नाहीत अशा भावात. तरी मागची खोली मोकळी झाली. दुकानाची जागा सोडून सोफावाला गाड्यांच्या सीटा शिवणाऱ्या मोठ्या कारखान्यात लागला. तिथला मुकादम त्याच्याहून बराच लहान होता आणि त्याला एकेरीत हाक मारायचा. पहिले काही दिवस ते जड गेलं, मग सवय झाली. हॉलवाल्याकडून काहीच आलं नाही. सोफावाल्याने त्याला एकदा चिठ्ठी पाठवली, की मी तुमच्याकडे मागणं सोडलेलं नाही, पण मुलीला दाराशी पाठवत जाऊ नका. उत्तर आलं नाही. त्याच्याबद्दलचा राग कधी जातो, कधी परत येतो. परत आला की सोफावाला तो प्रार्थनेत तसाच सांगतो.

एका महिन्यात आईच्या आजारपणात सगळे पैसे गेले आणि सिस्टरकडे न्यायला काही उरलं नाही. तो संध्याकाळी घरात येरझारा घालत होता, उद्या जाऊ, परवा जाऊ, असं चाललं होतं. बायकोने त्याची चप्पल दाराशी आणून ठेवली आणि स्वतःचीही घातली. दोघं रिकाम्या हातांनी गेले, नाहीत म्हणून सांगितलं आणि चहा प्यायले. सिस्टरने चालेल म्हटलं, पण त्यांचा चेहरा उतरला होता, कारण डॉक्टरांनी त्यांना तारीख दिली होती. ऑपरेशन पुढे ढकलावं लागलं. त्या घरातून उतरताना सोफावाल्याला त्या साक्षीच्या रविवारपेक्षाही जास्त लाज वाटली. पण जिन्यात तो थांबला आणि बायकोला म्हणाला की आज वाटत होतं, येऊच नये. मागे तो हे तिला बोलला नसता.

ऑपरेशन अखेर झालं, सिस्टरच्या जुन्या इस्पितळातल्या लोकांनी बराच भार उचलला म्हणून. तेव्हा बायको त्यांच्या उशाशी बसली. कर्ज अजून आहे. बायकोचा विश्वास पुरता बसलाय असंही नाही. ती अधूनमधून जेवताना थबकून विचारते की अजून काही राहिलंय का सांगायचं. तो विचार करून उत्तर देतो. काही असलं तर सांगतो, नसलं तर नाही म्हणतो. मग ती ताटावर डोकं टेकवल्यासारखी वाकून प्रार्थना करते, पूर्वी मनातल्या मनात करायची तशी नाही, आईंनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात. त्यात ती पैशांसाठी क्वचितच मागते. बहुतेक वेळा त्याच्या नावाने तक्रारच असते, आणि तो डोळे मिटून ती सगळी ऐकून घेतो.